पृष्ठभागावरचा एकटा इलेक्ट्रॉन : उत्प्रेरक आणि ईएसआर यांविषयी वाचकांचे प्रश्न

उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावरील रेणूंचा अभ्यास इलेक्ट्रॉन स्पिन अनुस्पंदनाने, म्हणजे प्रयोगशाळांत रुळलेल्या नावाने सांगायचे तर ईएसआरने, कसा करतात याविषयी मराठवाड्यातील वाचकांकडून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. काही प्रश्न मूलभूत आहेत, तर एक प्रश्न ऐन प्रबंधलेखनात अडसर होऊन बसलेला आहे. त्यामुळे त्याचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे.

प्रश्न : बारावीच्या वर्गात उत्प्रेरक शिकवताना ‘अभिक्रियाकारक रेणू पृष्ठभागावर अधिशोषित होतात, तेथे अभिक्रिया होते आणि उत्पादिते सुटून जातात’ असे आम्ही सांगतो. त्या पृष्ठभागावर नेमके काय असते, हे पाहता येते का? ईएसआर त्यासाठी वापरतात असे वाचले. त्या उपकरणाला काय दिसते?
— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : ईएसआरला फक्त जोडी नसलेला इलेक्ट्रॉन दिसतो, आणि या तंत्राचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही यातूनच येतात. इलेक्ट्रॉनला विद्युतप्रभाराबरोबरच स्पिन हा एक अंगभूत गुणधर्म असतो व त्यामुळे तो अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो, ही कल्पना उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुण डच भौतिकशास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये मांडली. बहुतेक स्थिर रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. जोडीतील दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध असल्याने त्यांचे चुंबकत्व नाहीसे होते. मात्र मुक्त मूलकांत, त्रिसंयुजी टिटॅनियम, चतुःसंयुजी व्हॅनेडियम किंवा द्विसंयुजी तांबे यांसारख्या संक्रमण धातूंच्या आयनांत, किंवा स्फटिकातील एखाद्या रिकाम्या जागेत अडकलेला असा एकटा इलेक्ट्रॉन असला, तर नमुना चुंबकीय क्षेत्रात ठेवताच त्याच्या ऊर्जेच्या दोन पातळ्या होतात. नमुन्यावर ९.५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या मायक्रोवेव्ह लहरी सोडून क्षेत्र हळूहळू वाढवत नेले, तर मुक्त इलेक्ट्रॉनच्या बाबतीत सुमारे ३३९ मिलिटेस्ला, म्हणजे जवळजवळ ३३९० गॉस, इतक्या क्षेत्राला पातळ्यांमधील अंतर आणि लहरींची ऊर्जा तंतोतंत जुळतात व लहरी शोषल्या जातात. हे शोषण येव्गेनी झावोइस्की यांनी १९४४ मध्ये कझान येथे पहिल्यांदा नोंदवले.

मिळालेल्या आलेखातून मुख्यतः तीन गोष्टी वाचता येतात. रेषा कोणत्या क्षेत्राला आली यावरून जी-मूल्य मिळते. मुक्त इलेक्ट्रॉनसाठी ते २.००२३ असते, आणि इलेक्ट्रॉन ज्या अणूच्या कक्षकात राहतो त्यानुसार ते या आकड्यापासून वर किंवा खाली सरकते. शेजारच्या अणुकेंद्रकाला स्वतःचा स्पिन असेल तर रेषा फुटते, आणि किती रेषा झाल्या यावरून शेजारी कोण आहे हे कळते : तांब्याजवळ चार, मँगनीजजवळ सहा, व्हॅनेडियमजवळ आठ. तिसरी गोष्ट म्हणजे रेषेखालचे क्षेत्रफळ, ज्यावरून नमुन्यात असे इलेक्ट्रॉन किती आहेत हे मोजता येते. या तिसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. त्याविषयी नांदेडच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

पृष्ठभागाच्या अभ्यासाला हे तंत्र इतके उपयोगी पडते, कारण पृष्ठभागावरील अणू एकूण पदार्थाच्या मानाने फार थोडे असतात आणि त्यांतील क्रियाशील जागा त्याहूनही थोड्या असतात, तर ईएसआरला अत्यल्प संख्येतील इलेक्ट्रॉन पुरतात. खोलीच्या तापमानाला दर १०,००० इलेक्ट्रॉनांमागे खालच्या पातळीत जेमतेम सात-आठ अधिक असतात आणि संकेत येतो तो केवळ या सात-आठांमुळे. तोच नमुना द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे ७७ केल्व्हिन, तापमानाला नेला की हा आकडा ३० च्या आसपास जातो. नमुना काळा असो, भुकटी असो, स्फटिक नसलेला असो, त्याने अडत नाही. मात्र नायट्रोजन, मिथेन, पाणी, कार्बन डायऑक्साइड यांच्यासारखे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असलेले रेणू पृष्ठभागावर कितीही दाटीने बसलेले असले तरी या उपकरणाच्या दृष्टीने तेथे कोणीच नसते. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे, कारण आलेखावर रेषा नाही म्हणून पृष्ठभाग रिकामा आहे, असा निष्कर्ष पदव्युत्तर स्तरावरही काढलेला आढळतो.

प्रश्न : ऑक्सिजनच्या रेणूत दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात असे आम्ही शिकलो. मग हवेतच ठेवलेल्या नमुन्याच्या आलेखात ऑक्सिजन का दिसत नाही? आणि उत्प्रेरकावर बसलेला ऑक्सिजन ओळखायचा कसा?
— एम. एस्सी. द्वितीय वर्ष, परभणी

उत्तर : वायुरूप ऑक्सिजनचा ईएसआर वर्णपट असतो, पण तो कमी दाबालाच सुटा दिसतो, वातावरणाच्या दाबाला रेणूंच्या सततच्या टकरींमुळे त्याच्या रेषा रुंद होऊन आलेखात विरून जातात. तरीही ऑक्सिजन आपले अस्तित्व दुसऱ्या मार्गाने जाणवून देतो : त्याचे चुंबकत्व शेजारच्या एकट्या इलेक्ट्रॉनवर परिणाम करते आणि त्याची रेषा रुंद करते. अनुभवी संशोधक या उपद्रवाचाच उपयोग करून घेतात. निर्वातात नोंदलेली रेषा थोडा ऑक्सिजन आत सोडताच रुंदावली आणि तो उपसून काढताच पूर्ववत झाली, तर तो इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर किंवा वायू पोहोचू शकेल अशा छिद्रात आहे. रेषेवर काहीच परिणाम झाला नाही, तर तो कणाच्या पोटात आहे. इतका साधा आणि इतका उपयुक्त प्रयोग या क्षेत्रात दुसरा क्वचितच असेल.

अधिशोषित ऑक्सिजनविषयी बोलायचे तर, ऑक्साइडच्या पृष्ठभागाकडून एक इलेक्ट्रॉन मिळाला की ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड आयन होतो. त्यात एकच एकटा इलेक्ट्रॉन उरतो आणि त्याचा वर्णपट स्पष्ट दिसतो. भुकटीतील कण सर्व दिशांना वळलेले असल्याने तीन दिशांची तीन जी-मूल्ये मिळतात. त्यांपैकी सर्वांत मोठे मूल्य ऑक्सिजन ज्या धातूच्या आयनावर बसला आहे त्याच्या प्रभारावर अवलंबून असते : मॅग्नेशियम ऑक्साइडवर ते २.०७७ च्या आसपास, झिंक ऑक्साइडवर २.०५ च्या आसपास आणि टिटॅनियम डायऑक्साइडवर २.०२ च्या आसपास येते. आयनाचा धनप्रभार जितका जास्त, तितकी त्याची ओढ अधिक आणि हे मूल्य तितके खाली, असा हा संबंध आहे. म्हणजे केवळ ऑक्सिजन आहे एवढेच नव्हे, तर तो कोणत्या आयनावर टेकला आहे, हेही या एका मूल्यावरून कळू शकते. दोन प्रकारचे ऑक्साइड एकत्र असलेल्या उत्प्रेरकात याचे मोल फार आहे.

यापुढचा प्रश्न असा, की रेणू पृष्ठभागावर आडवा पडला आहे की एका टोकावर उभा आहे? नेहमीच्या ऑक्सिजनच्या, म्हणजे १६ अणुवस्तुमानांकाच्या, केंद्रकाला स्पिन नसतो, त्यामुळे त्याच्याकडून उत्तर मिळत नाही. १७ अणुवस्तुमानांकाच्या समस्थानिकाला मात्र स्पिन असतो. निसर्गात तो दर १०,००० अणूंमागे चारच्या आसपास असल्याने समृद्ध केलेला वायू विकत घ्यावा लागतो आणि तो महाग असतो, पण त्याने मिळणारे उत्तर निःसंदिग्ध असते. रेणू आडवा असेल तर दोन्ही अणूंवर इलेक्ट्रॉनचा वाटा सारखा असतो आणि रेषांचा एकच संच मिळतो. टोकावर उभा असेल तर दोन्ही अणूंची स्थिती वेगळी होते आणि दोन संच मिळतात. मॅग्नेशियम ऑक्साइडवरील सुपरऑक्साइड आडवा असतो, हे याच पद्धतीने ठरले.

प्रश्न : मी टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून सोल-जेल पद्धतीने टिटॅनियम डायऑक्साइड तयार करून ४०० अंश सेल्सिअसला भाजले. रंगद्रव्याचे विघटन त्याने चांगले होते. बाहेरच्या प्रयोगशाळेतून खोलीच्या तापमानाला करून आणलेल्या ईएसआरमध्ये जी-मूल्य २.००३ ला एक तीक्ष्ण रेषा आली. अनेक निबंधांत या रेषेला ‘ऑक्सिजनची रिक्त जागा’ म्हटलेले असल्याने मीही तसे लिहिले. निबंधाच्या परीक्षकांनी त्याला पुरावा मागितला आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात की हे सर्वमान्य आहे. मी काय करावे?
— संशोधक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : परीक्षकांची शंका रास्त आहे, आणि ती आपल्याला निबंध छापून येण्यापूर्वी विचारली गेली हे चांगले झाले असे मी मनापासून मानतो. एखादी गोष्ट अनेक निबंधांत लिहिलेली असणे हा पुरावा होत नाही, विशेषतः ते निबंध एकमेकांचाच आधार घेत असतील तर.

प्रथम त्या आकड्याकडे पाहू. २.००३ हे मूल्य मुक्त इलेक्ट्रॉनच्या २.००२३ या मूल्याला इतके जवळ आहे, की ३३९ मिलिटेस्लाच्या क्षेत्रात दोघांत अवघ्या ०.१२ मिलिटेस्लाचे अंतर पडते. त्यामुळे पहिला प्रश्न हा, की आपल्या मोजमापासोबत डीपीपीएचसारखा संदर्भ पदार्थ, ज्याचे जी-मूल्य २.००३६ आहे, त्याच बैठकीत नोंदवला होता का. नसेल, तर तिसऱ्या दशांश स्थळावर विसंबून काहीही म्हणता येणार नाही. नोंदवला असेल तरी हे मूल्य इतकेच सांगते, की इलेक्ट्रॉन कोणत्याही जड अणूच्या कक्षकाशी फारसा गुंतलेला नाही. सेंद्रिय अवशेष पूर्ण न जळाल्याने मागे राहिलेल्या कार्बनमधील मूलकांची रेषा नेमकी येथेच येते. आपला पदार्थ आयसोप्रोपॉक्साइडपासून केलेला आहे आणि ४०० अंशाला भाजलेला आहे; त्यात असा कार्बन उरला असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासली पाहिजे. भुकटी किंचित पिवळट किंवा तपकिरी दिसत असेल, तर ही शंका अधिकच बळावते.

आता रिक्त जागेविषयी. मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या पदार्थात ऑक्सिजन निघून गेला की इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेतच अडकतो आणि त्याची रेषा मुक्त इलेक्ट्रॉनजवळ येते. टिटॅनियम डायऑक्साइडचे वागणे वेगळे आहे, कारण तेथे मागे राहिलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या टिटॅनियमच्या कक्षकात जातो आणि चतुःसंयुजी टिटॅनियम त्रिसंयुजी होते. त्याचे जी-मूल्य २ च्या खाली असते : अनाटेझ या टिटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपात १.९९ आणि १.९६ च्या आसपास, आणि पृष्ठभागावरील आयनांसाठी त्याहून खाली, रुंद रेषेच्या रूपात. १.९६ ची रेषा आपल्या रेषेपासून सात मिलिटेस्लाहून अधिक दूर, जास्त क्षेत्राला येते. त्यामुळे ती नजरेतून सुटणे किंवा दोघींची गल्लत होणे शक्य नाही. पण खोलीच्या तापमानाला हे आयन बहुधा दिसतच नाहीत, कारण त्यांचे स्पिन फार झपाट्याने पलटतात आणि रेषा विरून जाते. म्हणजे ज्या तापमानाला आपण मोजमाप केले, त्या तापमानाला खरी खूण दिसण्याची आशाच नव्हती.

म्हणून मोजमाप ७७ केल्व्हिनला, शक्य असेल तर त्याहूनही कमी तापमानाला, पुन्हा करावे. त्याआधी रिकामी नळी आणि उपकरणातील नमुना ठेवण्याची रिकामी पोकळी यांचे आलेख त्याच मांडणीत घ्यावेत. मग भुकटी ५०० ते ५५० अंशाला कोरड्या ऑक्सिजनच्या प्रवाहात भाजावी आणि पुन्हा मोजावी. रेषा नाहीशी झाली तर ती कार्बनची होती असे वाटेल, पण एवढ्यावर थांबू नये. ऑक्सिजनने रिक्त जागाही भरून येते, त्यामुळे हा प्रयोग एकटा दोन शक्यतांमध्ये निवाडा करत नाही. तीच ऑक्सिजनमध्ये भाजलेली भुकटी आता निर्वातात तापवावी. त्याने पृष्ठभागावरचा ऑक्सिजन निघून खऱ्याखुऱ्या रिक्त जागा तयार होतात, भुकटीला निळसर किंवा करडी छटा येते आणि कमी तापमानाला त्रिसंयुजी टिटॅनियमची रेषा २ च्या खाली उगवते. या वेळी २.००३ ची रेषा परत आली नाही, तर तिचा रिक्त जागेशी संबंध नव्हता असे आपण पुराव्यानिशी लिहू शकता. शेवटी याच नळीत थोडा कोरडा ऑक्सिजन सोडावा. पृष्ठभागावरचे त्रिसंयुजी टिटॅनियम आपला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देते, त्याची रेषा मावळते आणि तिच्या जागी सुपरऑक्साइडचा तीन मूल्यांचा वर्णपट येतो : साधारण २.०२, २.००९ आणि २.००३. येथे २.००३ पुन्हा आले आहे हे ध्यानात घ्यावे. एकाच आकड्यावरून नाव ठेवण्यात काय धोका आहे, हे यावरून दिसेल. ओळख पटवायची ती पूर्ण आकारावरून आणि तो आकार कशाने येतो व कशाने जातो यावरून.

मायक्रोवेव्हची शक्ती किती वापरली, हेही नोंदवावे. कार्बनचे मूलक थोड्याच शक्तीने संपृक्त होतात व नंतर शक्ती वाढवली तरी त्यांचा संकेत त्या प्रमाणात वाढत नाही. संक्रमण धातूंचे आयन सहसा तसे वागत नाहीत. शक्ती पायरीपायरीने वाढवत घेतलेले पाच-सहा आलेख ही एक स्वतंत्र साक्ष ठरते, आणि संपृक्त झालेल्या रेषेवरून इलेक्ट्रॉन मोजले तर उत्तर चुकते, हेही त्यातून टळते.

आता मोजणीविषयी, जिचा उल्लेख वर केला आहे. समजा, आपल्या पदार्थाचा पृष्ठभाग दर ग्रॅमला ५० चौरस मीटर आहे आणि दर चौरस मीटरला टिटॅनियमच्या सुमारे ५ गुणिले १० चा १८ वा घात इतक्या उघड्या जागा आहेत. म्हणजे एका ग्रॅममध्ये २.५ गुणिले १० चा २० वा घात इतक्या जागा झाल्या. ईएसआरने दर ग्रॅमला १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन मोजले, तर रेषा दर २५,००० जागांमागे एकीचे प्रतिनिधित्व करते. रंगद्रव्याचे विघटन त्या एका जागेमुळे होते की उरलेल्या २४,९९९ जागांमुळे, हे आलेखावरून कळत नाही. उपकरण इतके संवेदनशील असल्याने अगदी नगण्य संख्येतील केंद्रेही ठळक दिसतात, आणि ठळक दिसते म्हणून महत्त्वाचे, असा समज होतो.

किंबहुना अडचण याहून खोल आहे. मोंढ्यात दिवसभर एकाच जागी दिसणारा माणूस माल हलवतोच असे नाही, आणि माल हलवणारा हमाल एका जागी सापडत नाही. पृष्ठभागावरही जे मूलक टिकून राहतात ते पुष्कळदा अभिक्रियेत भाग न घेतल्यामुळेच टिकलेले असतात. जे खरे मध्यस्थ असतात ते क्षणात तयार होतात आणि क्षणात पुढे जातात. म्हणून एखादी रेषा दाखवून थांबू नये. अभिक्रियाकारक आत सोडल्यावर ती घटते का, तो काढल्यावर पुन्हा वाढते का, आणि हा वेग अभिक्रियेच्या वेगाशी जुळतो का, हे पाहावे. असे प्रयोग कष्टाचे आहेत, पण त्यांच्यावाचून ‘क्रियाशील केंद्र’ हे शब्द वापरण्याचा अधिकार मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षणजीवी मध्यस्थ पकडण्याचे एक थोर उदाहरण टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील जॅक लन्सफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. लिथियम मिसळलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवरून तप्त मिथेन आणि ऑक्सिजन सोडले की इथेन व इथिलीन मिळतात. मिथेनपासून पृष्ठभागावर मिथाइल मूलक होत असतील आणि ते वायूत सुटत असतील, असा तर्क होता. या गटाने उत्प्रेरकाच्या लगेच पुढे निघणारा वायू अतिथंड पृष्ठभागावर गोठवून मूलक जागच्या जागी अडकवले आणि ईएसआरने त्यांच्या चार रेषा नोंदवल्या. त्यांची उंची १:३:३:१ या प्रमाणात होती, जे तीन सारख्या हायड्रोजनांचे निश्चित लक्षण आहे. हे काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच उत्प्रेरकावर लिथियमशेजारी अडकलेल्या ऑक्सिजनचे जे केंद्र ईएसआरला दिसले होते, ते क्रियाशील केंद्र मानले गेले. पुढील काळात, चालू उत्प्रेरकातून लिथियम उडून जाते हे ध्यानात घेऊन, त्या केंद्राच्या भूमिकेविषयी गंभीर शंका घेतल्या गेल्या. वायूत सुटणाऱ्या मूलकाचा पुरावा टिकला, केंद्राच्या नावाविषयी वाद राहिला. हे दोन दावे वेगळे ठेवण्याची सवय आपण आतापासून लावून घ्यावी.

वरील सगळे प्रयोग करण्याइतका वेळ किंवा सोय नसेल, तर परीक्षकांना लिहावे की २.००३ ची रेषा कार्बनच्या मूलकाची किंवा अडकलेल्या इलेक्ट्रॉनची असू शकते व उपलब्ध माहितीवरून तिचे नाव निश्चित करता येत नाही. मार्गदर्शकांनाही हेच उत्तर दाखवावे. अशा वाक्याने निबंध दुबळा होत नाही.

प्रश्न : सूर्यप्रकाशात मिथिलीन ब्लूचे पाणी रंगहीन करणाऱ्या उत्प्रेरकावर आम्ही काम करतो. डीएमपीओ घालून ईएसआर केल्यावर १:२:२:१ अशा चार रेषा आल्या. हायड्रॉक्सिल मूलक सिद्ध झाला असे म्हणता येईल का?
— संशोधक विद्यार्थी, बीड

उत्तर : आशादायक खूण आहे, पण सिद्धता अजून झालेली नाही. हायड्रॉक्सिल मूलक पाण्यात थेट दिसण्याइतका टिकत नाही, म्हणून डीएमपीओ त्याला पकडून टिकाऊ मूलक तयार करते. त्यात नायट्रोजन आणि एक हायड्रोजन यांच्यामुळे होणारी फूट जवळजवळ सारखी, सुमारे १.४९ मिलिटेस्ला, असते आणि म्हणून त्या चार रेषा येतात. मात्र हाच पदार्थ हायड्रॉक्सिलशिवायही तयार होऊ शकतो. सुपरऑक्साइड पकडून झालेला पदार्थ पाण्यात अल्पकाळच टिकतो आणि त्याचे रूपांतर याच पदार्थात होते. त्रिसंयुजी लोहाच्या उपस्थितीत पाण्याचा रेणू डीएमपीओला जोडला जाऊनही तो बनतो. शिवाय डीएमपीओ स्वतः उत्प्रेरकावर अधिशोषित होऊन तेथेच त्याचे ऑक्सिडीभवन होऊ शकते.

तपासणी अवघड नाही. त्याच मिश्रणात थोडे इथेनॉल घालावे. खरा हायड्रॉक्सिल मूलक इथेनॉलचा हायड्रोजन ओढून घेतो व त्यापासून झालेला नवा मूलक डीएमपीओला सापडतो. त्याच्या सहा रेषा असतात. चार रेषा कमी होऊन या सहा रेषा आल्या, तर आपला दावा बराच भक्कम होतो. चार रेषा तशाच राहिल्या, तर त्या दुसऱ्या वाटेने आलेल्या आहेत. सुपरऑक्साइडचा शोध घ्यायचा असेल, तर पाण्याऐवजी मिथेनॉलमध्ये प्रयोग करावा. अंधारातील नमुना, उत्प्रेरकाविना प्रकाश आणि डीएमपीओविना नमुना, हे तिन्ही आलेख जोडल्याशिवाय निबंध पाठवू नये. पाणी मायक्रोवेव्ह शोषते, त्यामुळे चपटी क्वार्ट्झ कुपी किंवा केशनलिका वापरावी लागते, हे आपल्याला ठाऊक असेलच.

प्रश्न : वाळूजच्या कारखान्यात डिझेल वाहनांच्या धूरशुद्धीकरणाशी माझा संबंध येतो. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणाऱ्या उत्प्रेरकात तांबे घातलेले झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे सिलिकेट खनिज, असते. त्यातील तांब्याविषयी ईएसआर काय सांगते?
— अभियंता, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : द्विसंयुजी तांबे दिसते, एकसंयुजी दिसत नाही, आणि या उत्प्रेरकाचे कार्य या दोन अवस्थांमधील ये-जा करण्यावरच चालते. अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड मिळून द्विसंयुजी तांब्याचे क्षपण करतात, तेव्हा संकेत घटतो. ऑक्सिजनने ते पुन्हा ऑक्सिडीभूत होते, तेव्हा संकेत वाढतो. नळीतून वायू वाहत असताना आणि नमुना तप्त असताना ही ये-जा प्रत्यक्ष पाहता येते. चार रेषांमधील अंतर आणि जी-मूल्य यांवरून तांब्याभोवती पाणी आहे, अमोनिया आहे की झिओलाइटच्या भिंतीतील ऑक्सिजन, हेही ओळखता येते. एक सावधगिरी मात्र हवी. रासायनिक विश्लेषणात मिळालेले एकूण तांबे आणि ईएसआरमध्ये मोजलेले तांबे यांचे आकडे क्वचितच जुळतात, कारण परस्परांजवळ आलेले दोन तांब्याचे आयन एकमेकांचे चुंबकत्व झाकतात आणि काही आयनांचे स्पिन इतक्या वेगाने पलटतात की रेषाच उरत नाही. न दिसणारे सगळे तांबे एकसंयुजी आहे असे धरून चालू नये. व्हॅनेडियमवर आधारित उत्प्रेरकातही हाच न्याय लागू पडतो : पंचसंयुजी व्हॅनेडियम अदृश्य, चतुःसंयुजी आठ रेषांनी ठळक.

प्रश्न : आमच्या काळ्या जमिनीतील चिकणमातीवर धातूचे आयन बसवून स्वस्त उत्प्रेरक करता येईल, असा प्रकल्प महाविद्यालयात घेतला आहे. ईएसआर करावे का?
— प्राध्यापक, जालना

उत्तर : बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइटच्या गटातील खनिजे भरपूर असतात व त्यांच्या थरांमध्ये धातूचे आयन सहज बसतात, त्यामुळे प्रकल्प योग्य दिशेने आहे. पण या मातीत लोहही भरपूर असते. खनिजाच्या जाळीत बसलेले त्रिसंयुजी लोह जी-मूल्य ४.३ ला रेषा देते, मुक्त लोहऑक्साइड २ च्या आसपास एक रुंद फुगवटा निर्माण करते आणि त्यात मँगनीजच्या सहा रेषा मिसळतात. आपण बसवलेल्या आयनाचा संकेत या गर्दीत दबून जाईल. सायट्रेट आणि डायथायोनाइटने माती धुतली तर मुक्त ऑक्साइड बरेचसे निघते. जाळीतील लोह निघत नाही. अजिंठ्याच्या परिसरातील बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या स्टिल्बाइट, हेउलँडाइट या नैसर्गिक झिओलाइटांचे स्वच्छ स्फटिक मिळाले, तर त्यांवर सुरुवात करणे मला अधिक श्रेयस्कर वाटते, मात्र त्यांचाही मूळ आलेख आधी घ्यावा. मातीच वापरायची असेल, तर द्विसंयुजी तांबे निवडावे आणि माती पातळ पापुद्र्यासारखी वाळवावी. चुंबकीय क्षेत्र पापुद्र्याला समांतर व लंब ठेवून घेतलेले आलेख वेगळे आले, तर थरांमधील तांबे कोणत्या दिशेने बसले आहे हे कळते, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना इतका सुंदर प्रयोग क्वचित करायला मिळतो.

प्रश्न : आमच्या विभागात ईएसआर नाही. नमुने कुठे आणि कसे पाठवावेत?
— संशोधक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पवईच्या आयआयटी मुंबईतील अत्याधुनिक विश्लेषण उपकरण सुविधा केंद्र, जे सैफ या नावाने ओळखले जाते, ही सेवा बाहेरच्या विद्यापीठांनाही शुल्क घेऊन देते. अर्ज करण्यापूर्वी द्रव नायट्रोजनच्या तापमानाला मोजमाप हवे आहे, हे आवर्जून कळवावे. तसे न कळवल्यास खोलीच्या तापमानाचा आलेख हाती येण्याची शक्यता अधिक.

पाठवण्याच्या पद्धतीवर सगळे अवलंबून आहे. निर्वातात किंवा हायड्रोजनमध्ये प्रक्रिया केलेली भुकटी प्लॅस्टिकच्या डबीत भरून लातूरहून मुंबईला नेली, तर तिथे पोहोचेपर्यंत हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा पृष्ठभागावर बसलेला असतो आणि आपण मोजतो तो त्या प्रवासाचा परिणाम. म्हणून भुकटी चार मिलिमीटर बाह्य व्यासाच्या क्वार्ट्झ नळीत भरून, त्याच नळीत प्रक्रिया करून, निर्वातातच नळी वितळवून बंद करावी. वितळवताना भुकटीकडचा भाग थंड ठेवावा. साधी काच वापरू नये, कारण तिच्यातील लोहाची रेषा ४.३ ला येते. भरण्यापूर्वी रिकाम्या नळीचे आणि भरल्यावर भुकटीसह नळीचे वजन घ्यावे, भुकटीची उंची सर्व नळ्यांत सारखी ठेवावी आणि त्याच भुकटीची प्रक्रिया न केलेली एक नळी सोबत द्यावी. प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर वजन, भाजण्याचे तापमान, निर्वातात ठेवल्याचा कालावधी आणि नळी बंद केल्याची तारीख लिहावी. आलेख परत येताना केवळ छापील चित्र घेऊ नये. अंकरूप विदा, मायक्रोवेव्हची नेमकी वारंवारता, शक्ती, तापमान आणि संदर्भ पदार्थाचा आलेख ही माहिती मागून घ्यावी, कारण वारंवारतेशिवाय क्षेत्रावरून जी-मूल्य काढता येत नाही.